मॅनेजर पाहिजे! : हर्बर्ट चॅपमन यांची कहाणी

खास प्रतिनिधी

युरोपातील फुटबॉलचा हंगाम संपत आला की दरवर्षी मैदानाबाहेर एक वेगळाच सामना रंगतो. कोणत्या क्लबच्या प्रशिक्षकाला नारळ मिळणार आणि त्याच्या जागी कोणाची वर्णी लागणार, याच्या चर्चेला ऊत येतो. इच्छुकांच्या याद्या रोज बदलतात. संचालक मंडळाच्या बैठका होतात, अटी घातल्या जातात, आकडे ठरतात आणि एके दिवशी क्लबचा स्कार्फ गळ्यात घातलेल्या नव्या प्रशिक्षकाचे छायाचित्र प्रसिद्ध होते. बहुतेक ठिकाणी वर्ष-दोन वर्षांत हाच प्रयोग नव्या पात्रांसह पुन्हा होतो.

इंग्लंडमध्ये मुख्य प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणण्याची जुनी रीत आहे. संघ निवडणारा, डावपेच ठरवणारा, खेळाडू विकत घेणारा आणि पराभवाचे उत्तर देणारा एकच माणूस, ही मॅनेजरची कल्पना आज सर्वांना स्वाभाविक वाटते. शंभर वर्षांपूर्वी मात्र ती तशी नव्हती. बऱ्याच क्लबांत संघाची निवड संचालक मंडळी करीत आणि मॅनेजर म्हणजे पत्रव्यवहार, प्रवास आणि पगारपत्रक सांभाळणारा सचिव असे. हे चित्र ज्या थोड्या लोकांनी बदलले त्यांत हर्बर्ट चॅपमन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांच्या आयुष्यातील मोठी वळणे कोणत्या ना कोणत्या क्लबच्या नेमणुकीशी जोडलेली आहेत. या नेमणुका पाहिल्या, की क्लब प्रशिक्षक निवडतो तेव्हा तो नेमके काय निवडत असतो, हे लक्षात येऊ लागते.

खाणकामगाराचा मुलगा

चॅपमन यांचा जन्म १९ जानेवारी १८७८ रोजी यॉर्कशायरमधील किव्हटन पार्क या गावी झाला. शेफील्डच्या आसपासचा हा सारा मुलूख कोळशाच्या खाणींचा. वडील खाणीत काम करीत. हर्बर्ट अभ्यासात हुशार होते. त्यांनी शेफील्डच्या तांत्रिक महाविद्यालयात खाण अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि खाणीच्या अंधारातून वर येण्याचा मार्ग पुस्तकांतून शोधला. फुटबॉल हे त्या काळी त्यांच्या दृष्टीने पोटापाण्याचे साधन नव्हते. अनेक क्लबांकडून ते हौशी खेळाडू म्हणूनच खेळले.

खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द भटकंतीची झाली. स्टॅलीब्रिज, रॉचडेल, ग्रिम्सबी, स्विंडन, नॉर्दॅम्प्टन, शेफील्ड युनायटेड, नॉट्स काउंटी आणि अखेर टॉटनहॅम हॉटस्पर अशी क्लबांची लांबलचक यादी आहे. कुठेही ते फार काळ टिकले नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ हॅरी मात्र शेफील्डच्या वेन्सडे क्लबकडून दोन लीग विजेतेपदे आणि एक एफए कप जिंकणारा नामवंत खेळाडू ठरला. टॉटनहॅमच्या प्रेक्षकांच्या लक्षात हर्बर्ट राहिले ते मुख्यतः फिकट पिवळ्या बुटांमुळे. मैदानावर सहकाऱ्यांना आपण सहज दिसावे, हा त्यामागील हेतू. खेळ बेताचा असला तरी डोके सतत चालू असणारा हा माणूस होता.

दुसऱ्याला देऊ केलेली जागा

१९०७ मध्ये नॉर्दॅम्प्टन टाउन क्लबला मॅनेजर हवा होता. सदर्न लीगमध्ये सलग दोन हंगाम तळाला राहिलेला हा क्लब. ही जागा प्रथम चॅपमन यांना देऊ केलेलीच नव्हती. टॉटनहॅममधील त्यांचे सहकारी वॉल्टर बुल यांचे नाव पुढे आले होते. बुल यांनी ऐनवेळी विचार बदलला आणि चॅपमन यांची शिफारस केली. अशा रीतीने, दुसऱ्याने नाकारलेल्या पदावर आधुनिक फुटबॉलच्या या शिल्पकाराची पहिली नेमणूक झाली.

खेळाडू आणि मॅनेजर अशा दुहेरी भूमिकेत चॅपमन यांनी तिथे पहिले प्रयोग केले. सतत हल्ला चढवणारा संघ स्वतःच प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर गर्दी करतो आणि त्या गर्दीत त्यालाच वाट मिळत नाही, हे त्यांनी हेरले. मग जाणूनबुजून मागे सरायचे, प्रतिस्पर्ध्याला पुढे ओढायचे आणि त्याच्या मागे मोकळ्या झालेल्या जागेत वेगाने शिरायचे, असा मार्ग त्यांनी काढला. सामन्याआधी खेळाडूंना एकत्र बसवून चर्चा करण्याची सवयही त्यांनी लावली. त्या काळी सराव म्हणजे मैदानाला फेऱ्या मारणे एवढाच अर्थ होता. तळाच्या या संघाने १९०८-०९ मध्ये सदर्न लीग जिंकली.

आजन्म बंदी

या यशामुळे १९१२ मध्ये दुसऱ्या श्रेणीतील लीड्स सिटी क्लबने त्यांना बोलावले. क्लब शेवटून दुसरा होता आणि लीगमध्ये राहण्यासाठी त्याला पुन्हा मतदानाला सामोरे जावे लागणार होते. चॅपमन यांनी पहिल्याच हंगामात संघाला सहाव्या आणि दुसऱ्या हंगामात चौथ्या स्थानावर नेले. पहिल्या श्रेणीचे दार दिसू लागले असतानाच महायुद्ध भडकले. चॅपमन १९१६ मध्ये लीड्सजवळील बार्नबो येथील दारूगोळा कारखान्याच्या व्यवस्थापनात रुजू झाले. क्लबचा दैनंदिन कारभार इतरांकडे गेला.

युद्धकाळात खेळाडूंना वेतन देण्यास मनाई होती, केवळ खर्च देता येत असे. लीड्स सिटीने पाहुण्या खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याचा आरोप पुढे आला. चौकशी समितीने हिशेबाच्या वह्या मागितल्या, त्या क्लबने दिल्या नाहीत. ऑक्टोबर १९१९ मध्ये, हंगामाचे आठ सामने झालेले असताना, क्लबला लीगमधून काढून टाकण्यात आले. लीड्समधील मेट्रोपोल हॉटेलात खेळाडूंचा लिलाव झाला. पदाधिकाऱ्यांवर आजन्म बंदी आली आणि त्यांत चॅपमन यांचेही नाव होते.

चॅपमन यांनी त्याआधीच, डिसेंबर १९१८ मध्ये, क्लबचा राजीनामा देऊन सेल्बी येथील एका कारखान्यात नोकरी धरली होती. बंदीविरुद्ध त्यांनी लगेच आरडाओरडाही केला नाही. पण १९२० च्या अखेरीस ती नोकरीही गेली. वय बेचाळीस, घरात बायको-मुले आणि ज्या एका क्षेत्रात आपले डोके चालते त्या क्षेत्राचे दार कायमचे बंद. चॅपमन यांचे चरित्र इथेच संपले असते तर आज त्यांचे नाव कोणाला आठवलेही नसते.

हडर्सफील्डचा धाडसी निर्णय

लीड्सपासून जवळच असलेल्या हडर्सफील्ड टाउन या क्लबची कथाही विलक्षण होती. लीड्स सिटीची हकालपट्टी झाल्यावर रिकाम्या झालेल्या जागेवर डोळा ठेवून, या क्लबच्या मालकांनी १९१९ मध्ये तो लीड्सलाच हलवण्याचा घाट घातला होता. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा करून तो हाणून पाडला आणि त्याच हंगामात संघाने एफए कपच्या अंतिम फेरीसह पहिल्या श्रेणीत धडक मारली. या क्लबला पुढे नेण्यासाठी आता माणूस हवा होता.

मॅनेजर ॲम्ब्रोज लँग्ली हे पूर्वी हॅरी चॅपमन यांच्याबरोबर खेळलेले. हॅरी १९१६ मध्ये क्षयाने गेले होते, पण त्यांच्या थोरल्या भावाची गुणवत्ता लँग्लींना ठाऊक होती. क्लबने चॅपमन यांना सहायक म्हणून घ्यायचे ठरवले आणि त्यांच्या बंदीविरुद्धच्या अपिलाला पाठबळ दिले. कथित गैरव्यवहार झाला त्या काळात आपण कारखान्यात काम करीत होतो, हा चॅपमन यांचा युक्तिवाद मान्य झाला आणि बंदी उठली. १९२१ च्या वसंतात लँग्लींच्या जागी तेच मॅनेजर झाले. कलंकित ठरवलेल्या माणसावर विश्वास टाकण्याचा हा निर्णय संचालकांच्या अंगाशीही येऊ शकला असता.

तसे घडले नाही. चॅपमन यांनी ॲस्टन व्हिलाकडून तिशी ओलांडलेल्या क्लेम स्टीफन्सनला आणले. त्याच्या पायांतला वेग उतरणीला लागला असेल, पण त्याची नजर संघाला दिशा देईल, हा त्यांचा होरा अचूक ठरला. १९२२ मध्ये प्रेस्टनला १-० असे नमवून हडर्सफील्डने एफए कप जिंकला. १९२३-२४ मध्ये लीगमध्ये कार्डिफ सिटीशी गुणांची बरोबरी झाली. कार्डिफने शेवटच्या सामन्यात पेनल्टी वाया घालवली आणि गोलसरासरीच्या अगदी निसटत्या फरकाने विजेतेपद हडर्सफील्डकडे आले. पुढच्या हंगामात ४२ सामन्यांत अवघे २८ गोल स्वीकारून त्यांनी ते राखले. तिन्ही संघांनी, म्हणजे मुख्य, राखीव आणि तिसऱ्या फळीने, एकाच पद्धतीने खेळावे, हा चॅपमन यांचा दंडक होता. त्यामुळे कोणी जखमी झाला तरी त्याच्या जागी येणाऱ्याला नव्याने शिकवावे लागत नसे.

जाहिरात आणि तिची अट

याच सुमारास लंडनमध्ये आर्सेनलचे अध्यक्ष सर हेन्री नॉरिस अस्वस्थ होते. बांधकाम व्यवसायातून श्रीमंत झालेले, खासदारकी भूषवलेले नॉरिस हे हुकमी स्वभावाचे गृहस्थ. १९१३ मध्ये त्यांनीच क्लब थेम्सच्या दक्षिणेकडून उचलून उत्तर लंडनमधील हायबरी येथे आणला होता. मैदानावर बराच पैसा ओतला, पण संघावर खर्च करताना त्यांचा हात आखडे. मॅनेजर लेस्ली नाइटन यांच्यावर त्यांनी खेळाडूंच्या किमतीबाबत कडक बंधने घातली होती. १९२४-२५ मध्ये संघ २२ क्लबांत विसावा आला आणि नाइटन यांना जावे लागले.

११ मे १९२५ रोजी ‘ॲथलेटिक न्यूज’ या क्रीडा साप्ताहिकात आर्सेनलची जाहिरात झळकली. अनुभवी, कर्तबगार आणि चारित्र्यवान मॅनेजर हवा असल्याचे तीत नमूद होते. पुढे एक अट होती. केवळ भरमसाट किमती मोजून खेळाडू विकत घेतल्यावरच ज्यांना चांगला संघ उभारता येतो, अशांनी अर्ज करण्याची तसदी घेऊ नये, असा तिचा आशय होता.

निवड झाली ती चॅपमन यांची. वार्षिक वेतन २,००० पौंड, आधीच्या वेतनाच्या जवळपास दुप्पट. खेळाडूला तेव्हा हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त ८ पौंड मिळत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. सलग दोनदा विजेता ठरलेला संघ सोडून तळाशी घुटमळणाऱ्या क्लबकडे जाणे अनेकांना वेडेपणाचे वाटले. चॅपमन यांचे गणित निराळे होते. लंडनची लोकसंख्या, हायबरीच्या दाराशी असलेले भुयारी रेल्वेचे स्थानक आणि हजारो प्रेक्षकांची क्षमता त्यांना दिसत होती. कोणताही लंडनचा क्लब तोवर लीग जिंकू शकलेला नव्हता. त्यांनी संघावर पूर्ण अधिकार मागितला आणि काही जिंकायला पाच वर्षे लागतील, याचीही आधीच कल्पना दिली.

जाहिरातीतील अटीचे काय झाले? पहिल्याच उन्हाळ्यात चॅपमन यांनी सन्डरलँडच्या चार्ली बकनची मागणी केली. सन्डरलँडची अपेक्षा ४,००० पौंडांची होती. बकन चौतिशीला पोहोचत होता, त्यामुळे नॉरिस यांनी घासाघीस केली आणि २,००० पौंड रोख व पहिल्या हंगामात प्रत्येक गोलमागे १०० पौंड असा सौदा ठरला. बकनने २१ गोल केले आणि काटकसरीच्या या व्यवहारात क्लबला मूळ मागणीपेक्षा १०० पौंड जास्त मोजावे लागले.

सात गोल आणि एक बदल

चॅपमन आले त्याच उन्हाळ्यात फुटबॉलचा ऑफसाइडचा नियम बदलला. पूर्वी चेंडू पुढे येताना आघाडीच्या खेळाडूपुढे प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असणे आवश्यक होते. आता दोन पुरेसे ठरले. आज कूपरेजवर खेळणाऱ्या मुलांनाही तोच दोनचा नियम लागू असतो. या बदलाने बचावफळ्यांची दाणादाण उडाली. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत १९२४-२५ मध्ये १,१९२ गोल झाले होते, पुढच्या हंगामात ते १,७०३ वर गेले.

३ ऑक्टोबर १९२५ रोजी न्यूकॅसलने आर्सेनलचा ७-० असा धुव्वा उडवला. सामन्यानंतरच्या बैठकीत बकनने आपली जुनी सूचना पुन्हा आग्रहाने मांडली. मध्यभागी मोकळा फिरणारा सेंटर-हाफ मागे खेचून त्याला दोन बचावपटूंच्या मध्ये उभे करावे आणि त्यामुळे मधल्या फळीत पडणारी पोकळी भरण्यासाठी आघाडीच्या फळीतील एकाने मागे यावे, अशी ती सूचना होती. न्यूकॅसलचा सेंटर-हाफही त्या दिवशी मागेच राहिला होता. नामुष्कीच्या पराभवानंतर एखाद्या मॅनेजरने खेळाडूलाच गप्प केले असते. चॅपमन यांनी सूचना ऐकली, पण मागे येण्याचे काम बकनला न देता अँडी नील या तुलनेने अपरिचित खेळाडूवर सोपवले. दोन दिवसांनी वेस्ट हॅमविरुद्ध त्यांच्याच मैदानावर आर्सेनलने ४-० असा विजय मिळवला.

मागे तीन, मध्ये दोन अधिक दोन आणि पुढे तीन, अशी ही रचना इंग्रजी डब्ल्यू आणि एम या अक्षरांसारखी दिसत असल्याने ‘डब्ल्यूएम’ नावाने ओळखली गेली. ती पूर्णत्वाला नेण्यात चॅपमन यांची पुढची वर्षे गेली. मधल्या बचावपटूच्या जागेसाठी त्यांनी ऑस्वेस्ट्री या छोट्या गावातून हर्बी रॉबर्ट्सला अवघ्या २०० पौंडांत आणले. पुढच्या दोन-तीन दशकांत जगभरातील असंख्य संघ याच साच्यात खेळले.

पाच वर्षांची वाट

पहिल्या हंगामात आर्सेनल दुसऱ्या स्थानावर आला. विजेता होता हडर्सफील्ड, चॅपमन यांनीच बांधलेला संघ. नवे मॅनेजर सेसिल पॉटर यांच्या हाताखाली त्यांनी सलग तिसरे विजेतेपद मिळवले. त्यानंतर मात्र आर्सेनलची घसरण झाली. अकरावा, दहावा, नववा आणि १९२९-३० मध्ये चौदावा क्रमांक. १९२७ मध्ये एफए कपच्या अंतिम फेरीत गोलरक्षक डॅन लुईसच्या हातून चेंडू निसटला आणि कप कार्डिफला गेला. इंग्लंडबाहेर हा कप जाण्याची ती एकमेव वेळ.

आजच्या काळात अशा निकालांवर कोणताही प्रशिक्षक पाच हंगाम तग धरू शकला नसता. त्यातच क्लबवर मोठे संकट कोसळले. आर्थिक अनियमिततेच्या चौकशीनंतर १९२७ मध्ये नॉरिस यांनाच फुटबॉलमधून बाहेर काढण्यात आले. हिशेबांच्या प्रकरणात चॅपमन यांनी आठ वर्षांपूर्वी जे भोगले होते, ते आता त्यांना निवडणाऱ्या अध्यक्षांच्या वाट्याला आले. नवे अध्यक्ष सॅम्युएल हिल-वूड यांनी मॅनेजरच्या कामात लुडबुड केली नाही आणि निकालांसाठी घाईही केली नाही. जाहिरातीने चॅपमन यांना हायबरीला आणले खरे, पण तिथे ते घडू शकले ते या संयमामुळे.

किमतींवरील अट तर केव्हाच गळून पडली होती. १९२८ मध्ये बोल्टनच्या डेव्हिड जॅकसाठी १०,८९० पौंड मोजले गेले. पाच आकडी किमतीचा हा जगातील पहिला खेळाडू. या सौद्याची एक हकिकत चॅपमन यांचे सहायक बॉब वॉल यांनी पुढे सांगितली आहे. वाटाघाटी लंडनच्या एका हॉटेलात होत्या. चॅपमन यांनी वेटरला आधीच गाठून ठेवले होते. पाहुण्यांचे पेले भरपूर मद्याने भरायचे आणि आपल्या पेल्यात मद्याचा थेंबही पडू द्यायचा नाही, अशी तंबी होती. पाहुणे रंगात आल्यावर किंमत खाली आली, असे वॉल सांगत. १९२९ मध्ये प्रेस्टनकडून ॲलेक्स जेम्स ८,७५० पौंडांना आला आणि एक्सेटरहून क्लिफ बॅस्टिन हा सतरा वर्षांचा मुलगा २,००० पौंडांना. ढगळ चड्डीतला, बुटका जेम्स हा या संघाचा मेंदू ठरला. बचावफळीकडून आलेला चेंडू तो एका फटक्यात धावत्या बॅस्टिनकडे पोहोचवी.

२६ एप्रिल १९३० रोजी वेम्बलीवर आर्सेनलने एफए कप जिंकला. समोर होता हडर्सफील्ड. चॅपमन यांच्या सन्मानार्थ दोन्ही संघ त्या दिवशी बरोबरीने मैदानात आले. जेम्स आणि लॅम्बर्ट यांच्या गोलांनी सामना २-० असा सुटला. चॅपमन यांनी मागितलेली पाच वर्षे बरोबर पूर्ण झाली होती. पुढच्याच हंगामात ६६ गुणांच्या विक्रमासह आर्सेनल लीग विजेता ठरला, लंडनचा पहिला. १९३२-३३ मध्ये पुन्हा विजेतेपद आले. मध्ये एक बोचरा धक्काही होता. जानेवारी १९३३ मध्ये तिसऱ्या श्रेणीतील वॉल्सॉलने त्यांना कपमधून २-० असे बाहेर फेकले. पेनल्टी ओढवून घेणाऱ्या टॉमी ब्लॅकला चॅपमन यांनी आठवडाभरात दुसऱ्या क्लबला विकून टाकले. प्रेमळ मानल्या जाणाऱ्या या माणसाची ही दुसरी बाजू होती.

काळाच्या पुढे

मैदानावरील यशाइतकेच चॅपमन यांचे इतर उद्योग थक्क करणारे होते. ऑगस्ट १९२८ मध्ये त्यांच्या खेळाडूंनी पाठीवर क्रमांक लावून सामना खेळला. १९३२ मध्ये हायबरीवर प्रकाशझोत बसवले गेले, पण अधिकृत सामन्यांना परवानगी मिळायला पुढे दोन दशके जावी लागली. प्रेक्षकांसाठी ४५ मिनिटांचे घड्याळ उभारले. फुटबॉल संघटनेने आक्षेप घेतल्यावर त्याच जागी साधे बारा तासांचे घड्याळ आले. १९३३ मध्ये लाल शर्टाला पांढऱ्या बाह्या मिळाल्या, त्या आजही क्लबची ओळख आहेत. गुडघा दुखावल्याने खेळ सोडावा लागलेल्या टॉम व्हिटेकरला त्यांनी खेळाडूंच्या दुखापतींवरील उपचारांचे शास्त्र शिकायला लावले. भुयारी रेल्वेच्या अधिकाऱ्यांच्या मागे लागून ‘गिलेस्पी रोड’ या स्थानकाचे नाव ३१ ऑक्टोबर १९३२ पासून आर्सेनलच्या नावे करून घेतले. रेल्वेच्या प्रत्येक नकाशावर क्लबचे नाव फुकटात छापले जाऊ लागले.

ऑस्ट्रियाच्या संघाचे सूत्रधार ह्यूगो माइझल हे त्यांचे स्नेही. युरोपातील क्लबांची स्पर्धा असावी, असे चॅपमन यांचे मत होते. ती प्रत्यक्षात आली १९५५ मध्ये. इंग्लंडचा राष्ट्रीय संघ तेव्हा निवड समिती ठरवत असे आणि त्याला मॅनेजर नव्हता. मे १९३३ मध्ये इटली आणि स्वित्झर्लंडच्या दौऱ्यावर चॅपमन अनधिकृतपणे संघासोबत गेले. एक सामना बरोबरीत सुटला, एक जिंकला. तरीही इंग्लंडला पहिला अधिकृत मॅनेजर नेमायला १९४६ साल उजाडावे लागले. क्लबांना जे पटले होते, ते देशाच्या संघटनेला पटायला आणखी एक महायुद्ध मध्ये जावे लागले.

अखेरचा आठवडा

१९३४ चे नववर्ष सुरू झाले तेव्हा आर्सेनल गुणतक्त्यात अव्वल होता. १ जानेवारीला चॅपमन बरीचा सामना पाहायला गेले. दुसऱ्या दिवशी पुढचा प्रतिस्पर्धी असलेल्या शेफील्ड वेन्सडेचा खेळ न्याहाळला आणि रात्री जन्मगावी मुक्काम केला. लंडनला परतले ते सर्दी-तापाने बेजार होऊन. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितले. परंतु तिसऱ्या संघाला खेळताना बऱ्याच दिवसांत पाहिले नाही, म्हणून ते कडाक्याच्या थंडीत गिल्डफर्डला गेले. न्यूमोनियाने घेरले आणि ६ जानेवारीच्या पहाटे हेंडन येथील घरी त्यांचे निधन झाले. वय होते पंचावन्न. त्याच दुपारी ठरल्याप्रमाणे हायबरीवर शेफील्ड वेन्सडेविरुद्धचा सामना झाला आणि तो १-१ असा बरोबरीत सुटला.

पुन्हा तोच प्रश्न

आता पुन्हा मॅनेजर निवडायचा होता. १९२५ मध्ये कोसळणारा संघ सावरणारा माणूस हवा होता, १९३४ मध्ये सर्वोत्तम संघ न बिघडवणारा. संचालकांनी या वेळी घाईने जाहिरात दिली नाही. हंगाम संपेपर्यंत जुने सहकारी जो शॉ यांच्याकडे संघ सोपवला आणि विजेतेपद राखले. त्यानंतर निवड केली ती जॉर्ज ॲलिसन यांची. ॲलिसन हे क्लबचे संचालक, व्यवसायाने पत्रकार आणि आकाशवाणीवरून एफए कपच्या अंतिम सामन्याचे धावते वर्णन करणारा परिचित आवाज. मोठ्या संघातून ते कधी खेळले नव्हते. वरकरणी ही निवड विचित्र होती. पण खेळाडूंचा सराव व्हिटेकर आणि शॉ पाहणार आणि बाहेरचे व्यवहार ॲलिसन सांभाळणार, अशी कामाची वाटणी झाली. एका माणसाने एकवटलेले काम तिघांत विभागले गेले. १९३४-३५ मध्ये नवा आघाडीवीर टेड ड्रेक याने लीगमध्ये ४२ गोल केले आणि आर्सेनलने सलग तिसरे विजेतेपद पटकावले.

हडर्सफील्ड आणि आर्सेनल, दोन्ही क्लबांनी लागोपाठ तीनदा लीग जिंकली, दोन्ही संघ चॅपमन यांनी घडवले आणि दोन्हीकडे तिसऱ्या विजेतेपदाच्या वेळी ते तिथे नव्हते. दोन्ही क्लबांच्या पुढच्या वाटचालीत मात्र फरक पडला. पॉटर यांनी वर्षभरातच हडर्सफील्ड सोडले आणि १९२६ नंतर त्या क्लबला पुन्हा कधीही लीग जिंकता आली नाही. आर्सेनलमध्ये ॲलिसन यांच्यानंतर १९४७ मध्ये तेच टॉम व्हिटेकर मॅनेजर झाले आणि त्यांनीही दोनदा लीग जिंकली. चॅपमन यांनी तिथे संघाबरोबर माणसेही घडवली होती, म्हणून वारस शोधायला संचालकांना फार दूर जावे लागले नाही.

हायबरीच्या संगमरवरी दालनात शिल्पकार जेकब एप्स्टाइन यांनी घडवलेला चॅपमन यांचा अर्धपुतळा अनेक दशके येणाऱ्या-जाणाऱ्याचे लक्ष वेधत असे. १९९६ मध्ये जपानमधील क्लबकडून आलेले आर्सेन वेंगर मॅनेजर झाले, तेव्हा इंग्लंडमध्ये फारसा कोणी ओळखत नसलेल्या या फ्रेंच माणसाच्या नेमणुकीवर भुवया उंचावल्या होत्या. तिथेही संचालकांनी अधिकार दिला आणि वेळ दिला. वेंगर तिथे बावीस वर्षे राहिले. २००६ मध्ये क्लबने हायबरी सोडून नवे मैदान जवळ केले आणि २०११ मध्ये तिथे चॅपमन यांचा पूर्णाकृती पुतळा उभारला गेला.

दर उन्हाळ्यात क्लबांच्या बैठका सुरू होतात, तेव्हा चर्चा उमेदवारांच्या गुणांची होते. चॅपमन यांचे आयुष्य त्या बैठकीत बसणाऱ्यांच्या गुणांकडेही लक्ष वेधते. नॉर्दॅम्प्टनने खेळाडूच्या शिफारशीवर विश्वास ठेवला, हडर्सफील्डने बंदी आलेल्या माणसाचा हात धरला आणि आर्सेनलने चौदाव्या क्रमांकावरही धीर सोडला नाही. ज्या जाहिरातीसाठी ही नेमणूक आठवली जाते, तिच्यातील अट मात्र चॅपमन यांनी फार काळ पाळली नाही आणि नंतरच्या संचालकांनीही ती पाळायला लावली नाही. हायबरीच्या यशात या शहाणपणाचा वाटा मोठा होता.